सातव्या पानापर्यंत

माझ्या पहिल्या पेपरवर आलेला दुसरा रिव्ह्यू मी अजून जपून ठेवला आहे. छापून घेतलेले दोन कागद, कोपऱ्यात गंजलेली पिन, घड्यांवर विरत चाललेली अक्षरं. पेपर म्हणजे शोधनिबंध. तो छापायचा की नाही हे ठरवण्याआधी त्याच क्षेत्रातली काही माणसं, नाव न सांगता, तो वाचून अभिप्राय देतात, तो रिव्ह्यू. माझा पेपर नाकारला गेला होता. पहिल्या रिव्ह्यूत अडीच ओळी होत्या: विषय बरा आहे, नावीन्य कमी आहे. तिसऱ्यात त्याहून थोडं जास्त. दुसऱ्या रिव्ह्यूअरने मात्र माझा पेपर सातव्या पानापर्यंत वाचला होता.

सातव्या पानावर माझा तिसरा लेम्मा होता. मोठ्या प्रमेयाकडे चढताना जी छोटी पायरी लागते, तिला लेम्मा म्हणतात. त्यात मी एक स्थिरांक धरला होता आणि डेटाच्या मिती, म्हणजे एकेका नोंदीतले आकडे, कितीही वाढल्या तरी तो तेवढाच राहतो असं समजून पुढे वापरला होता. तो तेवढाच राहत नव्हता. मितींबरोबर तोही वाढत होता, आणि वाढला की माझा सगळा निष्कर्ष खाली येत होता. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, माझ्या गाईडच्याही नाही. त्या अनोळखी माणसाने ते पकडलं, नेमकी ओळ दाखवली, आणि गृहीतक जरा कडक केलं तर प्रमेय वाचू शकेल, त्यासाठी अमुक असमानता लावून पाहा, असंही लिहिलं. शेवटची ओळ होती: दुरुस्त करून जरूर पुन्हा पाठवा.

मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला होते. या क्षेत्रात आमच्या ग्रुपबाहेरचं एकही माणूस मला ओळखत नव्हतं. ज्यांची नावं मी संदर्भयादीत लिहीत होते ते माझ्यासाठी फक्त आडनावं आणि वर्षं होते. आणि त्या अफाट गर्दीतलं कोणीतरी, नाव न सांगता, माझ्या चुकीपाशी एवढा वेळ थांबलं होतं. नकारच होता तो. पण त्या नकाराने मला आत घेतलं. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की आपण संशोधक होऊ शकू.

संशोधनात नवी माणसं कशी येतात, कशी टिकतात, यावर बोलणं निघालं की शिष्यवृत्त्या, जागा, प्रतिभा, स्पर्धा असे शब्द येतात. ते सगळे खरे आहेत. मला मात्र ते सातवं पान आठवतं. संशोधकांचा समाज वाढला असं आपण म्हणतो तेव्हा किती माणसं आत आली एवढंच मोजतो. आत आलेल्या अनोळखी माणसाचं लिहिलेलं नीट वाचायला किती जणांकडे वेळ उरला, हे कोणी मोजत नाही. माझ्या मते वाढीचं खरं माप तेच आहे.

रामानुजनचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं. जानेवारी १९१३ मध्ये त्यांनी केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पत्र पाठवलं, सोबत शंभरावर सूत्रं, बहुतेक सिद्धतेशिवाय. ही गोष्ट दर वेळी हार्डींपासून सुरू होते. मी हल्ली त्यांच्या आधीच्या दोघांचा विचार करते. केंब्रिजच्याच आणखी दोन नामवंत गणितज्ञांकडे पत्रं गेली होती आणि तिथून काही निघालं नव्हतं. ती माणसं वाईट होती असं मला वाटत नाही. प्रसिद्ध गणितज्ञाकडे असल्या पाकिटांची कमी नसते, त्यातली बहुतेक खरोखरच टाकाऊ असतात, आणि विचित्र चिन्हांनी भरलेला अनोळखी कागद बाजूला ठेवणं ही त्या क्षणी अगदी शहाणपणाची गोष्ट वाटते. हार्डींनाही आधी ही फसवणूक असेल अशी शंका आलीच. फरक इतकाच, की त्यांनी आपले सहकारी गणितज्ञ लिटलवुड यांना बोलावलं आणि दोघं ते कागद घेऊन बसले. एकट्याला ते झेपलं असतं का कोण जाणे. वाचायलाही जोडीदार लागतो, ही त्या संध्याकाळची मला सर्वांत मोलाची वाटणारी बाजू.

आणि १९२४ साली सत्येंद्रनाथ बोस यांनी ढाक्याहून आइनस्टाइनना पाठवलेलं पत्र. बोस तिशीचे होते. आपली ओळख नाही, तरी आम्ही सगळे तुमच्या लेखनातून शिकलेले तुमचेच विद्यार्थी, अशा अर्थाचं लिहून त्यांनी सोबत इंग्रजीत लिहिलेला एक छोटा निबंध जोडला, आणि योग्य वाटला तर तो जर्मनीत छापून यावा अशी विनंती केली. आइनस्टाइननी तो स्वतः जर्मनमध्ये उतरवला, वर आपली टीप जोडली आणि ‘त्साइटश्रिफ्ट फ्यूर फिजिक’ या जर्मन नियतकालिकात छापायला दिला. त्यातून पुंजयामिकीची (क्वांटम मेकॅनिक्सची) एक नवी सांख्यिकी, म्हणजे कण मोजण्याची नवी रीत, उभी राहिली. भाषांतर करताना प्रत्येक वाक्य थांबून वाचावं लागतं, हे ज्याने केलं आहे त्याला कळेल. त्या निबंधाला त्याहून बारकाईचा वाचक मिळणं अवघड होतं.

पण त्या जगात माणसं थोडी होती. १९२७ च्या सॉल्व्हे परिषदेचं ते गाजलेलं छायाचित्र घ्या: २९ माणसं, आणि त्या काळच्या भौतिकशास्त्राचा मोठा भाग त्या तीन रांगांत मावलेला. विज्ञानाच्या इतिहासाचे अभ्यासक डेरेक डी सोला प्राइस यांनी १९६३ मध्ये मांडलं, की विज्ञानाचा पसारा साधारण दर १० ते १५ वर्षांनी दुप्पट होत आला आहे. म्हणूनच आजवर होऊन गेलेल्या सगळ्या शास्त्रज्ञांपैकी ८० ते ९० टक्के या क्षणी हयात आहेत असं कोणत्याही काळी म्हणता येतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा नुसती चकित झाले होते. नंतर त्यातलं दुसरं गणित दिसलं. जो समाज दर १५ वर्षांनी दुप्पट होतो, त्यातल्या निम्म्या माणसांना येऊन १५ वर्षंही झालेली नसतात. समाज जितका भरभर वाढतो तितका तो नवख्यांचा होत जातो, आणि ‘आपल्याकडे हे असं करतात’ हे सांगणारे जुने लोक त्यात विरघळत जातात.

माझं क्षेत्र मशीन लर्निंग, म्हणजे संगणकाला उदाहरणांवरून शिकवणं. तिथे ही वाढ श्वास लागावा अशी आहे. न्यूरिप्स ही आमच्या क्षेत्रातली मोठी परिषद. तिच्याकडे २०१४ मध्ये १,६७८ पेपर आले होते. २०२३ मध्ये १२,३४३. म्हणजे जेमतेम तीन वर्षांत दुप्पट, असा हिशोब झाला. पीएचडीला त्याहून जास्त वर्षं लागतात. एखादी मुलगी विषय निवडते आणि प्रबंध सादर करते, तेवढ्यात तिच्या पायाखालची जमीन दुपटीहून जास्त पसरलेली असते. १९९१ च्या ऑगस्टमध्ये पॉल गिन्सपार्ग यांनी सैद्धांतिक भौतिकीतल्या सहकाऱ्यांसाठी प्रीप्रिंटची, म्हणजे छापून येण्याआधीच पेपर सगळ्यांना वाचायला ठेवण्याची, एक छोटी सोय केली, तेव्हा वर्षाला शंभरेक पेपर येतील असा अंदाज होता. त्याच आर्काइव्हवर आता महिन्याला २० हजारांहून जास्त पेपर येतात.

एकदा डेडलाईनच्या आठवड्यात मी वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. १२,३४३ पेपर, प्रत्येकाला निदान तीन रिव्ह्यू, एका रिव्ह्यूला चार तास. जवळपास दीड लाख तास. एका माणसाने एकही सुट्टी न घेता रोज आठ तास वाचायचं ठरवलं तर पन्नास वर्षं लागतील, आणि आम्ही ते सगळे मिळून काही आठवड्यांत उरकतो. शिवाय चार तास हे मी उदारपणे धरलेले नाहीत. माझं सातवं पान चार तासांत सापडण्यासारखं नव्हतं.

मग काय होतं, हे २०१४ मध्ये त्याच परिषदेच्या आयोजकांनी प्रयोग करून तपासलं, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. आलेल्या पेपरांपैकी दहावा हिस्सा, १६६ पेपर, त्यांनी दोन वेगवेगळ्या समित्यांकडे दिले. एकीला दुसरीचा निकाल माहीत नाही. साधारण चौथ्या हिश्शाच्या पेपरांवर दोघींची मतं जुळली नाहीत. एका समितीने स्वीकारलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक पेपर दुसरीने नाकारले. २०२१ मध्ये पुन्हा करून पाहिलं तेव्हाही चित्र फारसं वेगळं नव्हतं. माझ्या विद्यार्थ्यांचा पहिला पेपर परत आला की मी हे आकडे त्यांच्यासमोर ठेवते. सांत्वन म्हणून नाही. आपली किंमत त्या एका निकालात शोधू नका, हे त्यांना पहिल्याच वर्षी कळायला हवं म्हणून. जुन्या माणसाला नकार मिळाला तर त्याच्यामागे वीस पेपर उभे असतात. नवख्याकडे तो एकच असतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ग्रुपमध्ये एक नवी मुलगी आली. पहिल्या महिन्यात तिला आमच्या स्क्रिप्ट चालवता येत नव्हत्या, कोडची घडी बसत नव्हती. म्हणून ती चित्रांचे फोल्डर उघडून एकेक चित्र नुसतं पाहत बसायची. आमच्यापैकी कोणीही ते कधी केलं नव्हतं. तीन वर्षं आम्ही तो चित्रसंग्रह वापरत होतो: एका भागावर प्रोग्रॅमला शिकवायचं, राहिलेल्या भागावर परीक्षा घ्यायची, गुण टेबलात लिहायचे. ग्रुप मीटिंगमध्ये सगळ्यांचं बोलून झाल्यावर ती हळूच म्हणाली, “मॅडम, हे चित्र मी काल पण पाहिलं होतं.”

खुर्चीखाली बसलेलं मांजर, मागे निळा पडदा. तिने दोन खिडक्या शेजारी शेजारी लावल्या. एक चित्र शिकवण्याच्या भागातलं, दुसरं परीक्षेच्या. दुसऱ्यात कडा थोड्या कापलेल्या होत्या, एवढाच फरक. खोलीत काही क्षण शांतता होती. मग आमच्यातला एक सीनिअर म्हणाला, “हो, पण सगळे हाच डेटासेट वापरतात.” तो हुशार आहे, प्रामाणिक आहे, आणि त्याचं वाक्य खरंही होतं. पण मला त्या वाक्याची भीती वाटली, कारण तेच माझ्याही ओठांवर आलं होतं. पुढचे दहा दिवस तिने आणि मी मिळून जोड्या शोधल्या. शेकड्यांनी निघाल्या. परीक्षेत येणारे प्रश्न आमचे प्रोग्रॅम आधीच पाहून बसले होते. दोन निकाल खाली आले, एका पेपरला शुद्धिपत्र जोडावं लागलं. त्यावर तिचं नाव आहे.

नंतर कळलं की आम्हीच तेवढे नव्हतो. सिफार-१० आणि सिफार-१०० हे आमच्या क्षेत्रातले अतिशय वापरातले चित्रसंग्रह २००९ सालचे. पुढची दहा वर्षं असंख्य पेपर त्यांच्यावरच्या गुणांवर उभे राहिले. २०१९ मध्ये दोन संशोधकांनी बसून तपासलं तेव्हा परीक्षेच्या चित्रांपैकी पहिल्यात ३.३ टक्के आणि दुसऱ्यात १० टक्के चित्रांच्या जवळपास हुबेहूब जोड्या निघाल्या. चित्रं लपलेली नव्हती. ज्याला पाहायचं त्याला ती पहिल्या दिवसापासून दिसण्यासारखी होती. मुरलेल्या माणसाला कुठे पाहायची गरज नाही हे पक्कं ठाऊक असतं, आणि त्याच्या वेगाचं बरंचसं रहस्य त्यातच असतं. नवख्याला ते ठाऊक नसतं.

खगोलशास्त्रज्ञ जोसेलिन बेल यांची गोष्ट मला या मुलीमुळे नव्याने उमगली. १९६७, केंब्रिज, पीएचडीची विद्यार्थिनी. जी रेडिओ दुर्बीण उभारायला त्यांनी स्वतः हातात घण घेतला होता, तिच्यातून रोज सुमारे तीस मीटर कागदी पट्टी बाहेर पडायची आणि ती त्या डोळ्यांनी तपासायच्या. सव्वाशे मीटर कागदात जेमतेम अर्धा सेंटीमीटर असा एक खरखरीत पट्टा त्यांना खटकला. ताऱ्यासारखाही नाही, पृथ्वीवरच्या व्यत्ययासारखाही नाही. त्यांच्या गाईडना आधी तो मानवनिर्मित गोंधळ वाटला. त्या मागे लागल्या, आणि दर १.३३ सेकंदांनी ठोका देणारा पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ लहरी पाठवणारा तारा, सापडला. १९७४ चं नोबेल त्यांच्या गाईडना आणि आणखी एका ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञाला मिळालं. यादीत त्या नव्हत्या.

त्यांनी स्वतः पुढे अनेकदा सांगितलं आहे, की आपण केंब्रिजच्या लायकीचे नाही, आपली निवड चुकून झाली आहे आणि कधीतरी आपल्याला काढून टाकतील, असं त्यांना सारखं वाटायचं. म्हणून काढतील तेव्हा मनाला खंत नको अशा निश्चयाने त्या प्रत्येक पट्टी जीव तोडून तपासत होत्या. हे सांगून काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात, बघा, थोडी धास्ती असलेली बरी. मला हे अजिबात पटत नाही. धास्तीने खचून निघून गेलेल्यांनी काय पाहिलं असतं, हे आपल्याला कधीच कळणार नाही. आणि बेल यांनी स्वतः काय केलं ते पाहावं: २०१८ मध्ये त्यांना ३० लाख डॉलरचं ब्रेकथ्रू पारितोषिक मिळालं तेव्हा त्यांनी ती सगळी रक्कम, भौतिकशास्त्रात ज्यांची संख्या कमी आहे अशा गटांतल्या पीएचडी विद्यार्थ्यांसाठी देऊन टाकली. दारात उभं राहून घाबरल्याची आठवण असलेल्या माणसाने केलेलं ते दान आहे.

वाढ झाली की नवे विचारही तितक्याच पटीने येतील, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. २०२१ मध्ये चू आणि इव्हान्स यांचा अभ्यास वाचला आणि तो समज गेला. ९ कोटी पेपर, त्यांच्यातले १८० कोटी संदर्भ, २४१ विषय. दिसलं ते असं, की क्षेत्रात दरवर्षी जितके जास्त पेपर येतात तितके संदर्भ आधीच गाजलेल्या पेपरांकडे वळतात, वरची यादी हलेनाशी होते, आणि नवा पेपर हळूहळू वाचला जाऊन वर येण्याची शक्यता घटते. कारण माझ्या रोजच्या अनुभवाचं आहे. सकाळी ऐंशी नवी शीर्षकं समोर असली की मी ओळखीच्या शब्दांना चिकटते. हा त्या पद्धतीचा, हा अमक्याच्या पुढचा, असं चटकन खणात टाकता आलं तर वाचते. ज्याला खण नाही तो पेपर राहून जातो. नवखी माणसं बुद्धिमान असतात, त्यांना हे लगेच कळतं, आणि ती आपला विचार खणात बसेल असा कापून आणतात. अशाने माणसं वाढतात आणि विचार तेवढेच राहतात.

आणखी एका अभ्यासाने मला बरेच दिवस झोपू दिलं नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेलं ते काम अकाली निधन झालेल्या ४५२ नामवंत जीववैज्ञानिकांबद्दल आहे. अशी व्यक्ती गेल्यावर तिच्या जवळच्या सहकाऱ्यांचे त्या विषयातले पेपर कमी होतात, पण पूर्वी त्या विषयात नसलेली माणसं आत येतात, आणि त्यांच्या कामाला पुढे भरपूर संदर्भ मिळतात. त्या मोठ्या माणसांनी कुणाची वाट मुद्दाम अडवली होती असं क्वचितच दिसतं. ती होती तोवर बाहेरचे पुढे यायला धजत नव्हते, इतकंच. मी नामवंत नाही. पण माझ्या छोट्या कोपऱ्यात, माझ्या असण्यामुळे कोणी हात आखडून बसलं आहे का, हा प्रश्न मी त्यानंतर स्वतःला विचारत आले आहे. त्याचं उत्तर मिळवायचा एकच मार्ग मला सापडला: मीटिंगमध्ये मी सगळ्यांत शेवटी बोलते. आधी बोलले की नव्या मुलांचे प्रश्न माझ्या वाक्याच्या आकाराचे होतात, हे मी पाहिलं आहे.

भाषेचं दार आहेच. जन्मभाषा इंग्रजी नसलेल्या नवख्याला पेपर वाचायला, लिहायला, बोलायची तयारी करायला किती जास्त वेळ लागतो हे २०२३ मध्ये आठ देशांतल्या ९०८ पर्यावरणशास्त्रज्ञांना विचारून मोजलं गेलं. इंग्रजीमुळे पेपर नाकारला जाण्याचा अनुभव जन्मभाषा इंग्रजी नसलेल्यांना सुमारे अडीचपट जास्त येतो. माझ्या पहिल्या पेपरचं इंग्रजी काही फार सुबक नव्हतं. दुसऱ्या रिव्ह्यूअरने त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. स्थिरांकाबद्दल लिहिलं होतं.

गेल्या महिन्यात त्याच मुलीकडे, मांजराचं चित्र ओळखणाऱ्या, पहिल्यांदा रिव्ह्यूसाठी एक पेपर आला. तिने विचारलं, “मॅडम, साधारण किती लिहायचं असतं?” मी कपाटातून ते दोन कागद काढून दिले. तिने ते उभ्याउभ्याच वाचले, स्थिरांकाचा परिच्छेद परत वाचला.

“कोण होतं हे, कधी कळलं?”

“नाही.”

कागद परत देऊन ती जागेवर गेली. संध्याकाळी मी निघाले तेव्हा तिच्या टेबलावर तो अनोळखी पेपर उघडा होता, समासात पेन्सिलीच्या खुणा, पाचव्या पानावर पिवळी चिठ्ठी. मी थांबले तसं तिने वर पाहिलं. “इथे काहीतरी जुळत नाहीये,” ती म्हणाली. “चूक त्यांची आहे की मलाच कळत नाहीये, ते समजत नाही. अजून थोडा वेळ बसते.”